पुण्यात बिअरच्या छोट्या भट्ट्या वाढल्या. बारामती-इंदापूरच्या पदरात काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत गावोगाव फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, बार्ली लावली तर खपेल का?" दूध घालायला आलेली माणसं डेअरीच्या कट्ट्यावर विचारतात, चावडीवर विचारतात, सोसायटीच्या पायरीवर विचारतात. कुणाचा तरी मुलगा पुण्यात खराडीला नाही तर हिंजवडीला नोकरीला असतो. तो सणाला गावी आला की सांगतो, तिथं आता बाटलीतली नव्हे, डोळ्यांदेखत बनवलेली ताजी बिअर मिळते, आणि एका पेल्याला लोक साडेतीनशे-चारशे रुपये मोजतात. ऐकणारा मनातल्या मनात मांडणी सुरू करतो. बिअर धान्याची होते, धान्य आपण पिकवतो, मग चारशेतले पन्नास तरी आपल्याला का मिळू नयेत?

प्रश्न सरळ आहे, आणि त्याला सरळच उत्तर दिलं पाहिजे. पिणं चांगलं की वाईट, हा वाद इथं घालत नाही. तुकोबांची पालखी ज्या वाटेनं बारामती, सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते त्या वाटेवरचे आपण लोक. या बाबतीत आपल्या घराघरांत जे मत आहे ते आहेच. पण शेजारी एखादा धंदा वाढत असेल तर तो काय खरेदी करतो, किती करतो आणि मागे काय टाकतो, एवढं तरी आपल्याला माहीत पाहिजे.

महाराष्ट्रातली अशी पहिली छोटी भट्टी पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली. नाव 'डूलॅली'. सुकेतू तळेकर यांनी ती काढली आणि बिअर बनवायला ऑलिव्हर शॉफ हे जर्मन कारागीर होते. नावाची गंमत अशी की हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला आहे. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे आणि उन्हानं, तापानं, कंटाळ्यानं त्यांची डोकी फिरायची. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत त्या गावावरून नाव पडलं. पुण्यातल्या भट्टीनं तेच नाव घेतलं.

सुरुवातीला हा प्रकार लोकांना नवाच होता. बाटलीतली बिअर पिवळी, स्वच्छ, सगळीकडे एकाच चवीची. ही मात्र गढूळ, कधी गव्हाची, कधी काळपट. पण पुण्यात संगणक कंपन्यांमुळे पगारदार तरुण वर्ग तयार झालेला होता, त्यातले बरेच परदेश बघून आलेले. त्यांना ही चव ओळखीची होती. डूलॅली पुढे मुंबईत गेली. २०१४ च्या सुमारास मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी' उभी राहिली. मग 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' आली, तिनं हापूस आणि आंबेमोहोर तांदूळ घालून बिअर केली. पुण्यातच 'मूनशाईन मीडरी' मधापासून मीड नावाचं पेय करू लागली. बेंगळुरूत हीच लाट २०१०-११ पासून उठली आणि तिथं ती आपल्यापेक्षा मोठी झाली.

आता भट्टीत होतं काय ते बघू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. सातू म्हणजे बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मोड आलेले दाणे भट्टीत वाळवतात. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतो तसाच प्रकार. याला माल्ट म्हणतात. हे माल्ट बिअरवाला स्वतः करत नाही, पोत्यात तयार आणतो. ते भरडून सुमारे ६५ अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे दाण्यातल्या पिठाची साखर होते. गोड रस गाळून घ्यायचा, चोथा बाजूला काढायचा. रस हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर तासभर उकळायचा, थंड करायचा आणि मग त्यात यीस्ट सोडायचं. आठवडा-दोन आठवड्यांत बिअर तयार.

एक हजार लिटर बिअरला साधारण २०० किलो माल्ट लागतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पेल्यात १०० ग्रॅम. १०० किलो सातूपासून ८० किलोच्या आसपास माल्ट निघतं, म्हणजे त्या पेल्यामागे सव्वाशे ग्रॅम सातू. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामासाठी सातूला क्विंटलला १,९८० रुपये हमीभाव जाहीर केला होता. त्या भावानं सव्वाशे ग्रॅमचे होतात अडीच रुपये.

होय, अडीच रुपये. साडेतीनशे-चारशेच्या पेल्यात धान्य पिकवणाऱ्याचा वाटा एवढाच. बाकी पैसा जागेचं भाडं, वीज, थंड ठेवायची यंत्रं, पगार, अबकारी कर आणि परवाना यांत जातो, आणि उरलेला मालकाचा. यात कुणी कुणाला लुटतंय असं मी म्हणत नाही. धंदाच असा आहे की त्यात धान्य हा बारीकसा खर्च आहे. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. सातूचा भाव दुप्पट झाला तरी पेल्यामागे मालकाचे अडीच रुपयेच वाढतील. म्हणून तो स्वस्त माल शोधत बसत नाही. पोत्यामागून पोतं एकसारखं निघेल आणि वेळेवर येईल असा माल तो शोधतो. पुण्यातले बरेचसे भट्टीवाले जर्मनी-बेल्जियमहून आलेलं माल्ट वापरतात ते याच कारणानं. आपल्याकडच्या व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करायची सवय इथं कामाची नाही. इथं प्रतवारी विकली जाते.

आता किती लागतं ते बघा. एखादी बऱ्यापैकी चालणारी भट्टी आठवड्याला चार हजार लिटर बिअर काढते असं धरू. वर्षाला झाली दोन लाख लिटरच्या थोडी वर. त्याला माल्ट लागेल साधारण ४२ टन, सातू ५२ टन. एकरी १४ क्विंटल उतारा धरला तर सदतीस-अडतीस एकर. म्हणजे चाळीस एकरांत भट्टीचं वर्ष भागलं! रोज पाच हजार टन गाळणारा साखर कारखाना, एकरी ४० टन धरले, तर एका दिवसात सव्वाशे एकर ऊस खातो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचं गाळप बघत वाढलेल्या आपल्या लोकांना 'कारखाना' म्हटलं की तोच आकार डोळ्यांसमोर येतो. बिअरची छोटी भट्टी म्हणजे कारखाना नव्हे. ते एका मोठ्या वस्तीच्या शिवाराचं गिऱ्हाईक आहे, तेही त्यानं घ्यायचं ठरवलं तर.

पाण्याचा मुद्दा लगे हाथ सांगतो, कारण ग्रामसभेत पहिला आवाज त्यावरच उठतो. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दिला होता, ते अनेकांना आठवत असेल. ते मोठे कारखाने होते. छोट्या भट्टीला एका लिटरमागे आठ-दहा लिटर पाणी लागतं असं धरलं तरी वर्षाला वीस लाख लिटर होतं. मोठा आकडा वाटतो ना? पाटानं भिजणाऱ्या एक एकर उसाला हंगामात ८०-९० लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे भट्टीचं वर्षाचं पाणी नऊ-दहा गुंठे उसाइतकं. तेव्हा पाण्यावरून भट्टीवाल्याला शिव्या देताना आपल्या बांधाकडे एकदा बघून घ्यावं.

सातू आपल्याकडे येईल का?

येईल, उगवेल. सातू हे क्षार सोसणारं पीक आहे, तृणधान्यांत याबाबतीत त्याचा नंबर वरचा लागतो. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि तेव्हापासून पाटाच्या पाण्यानं आपल्या किती जमिनी पांढऱ्या पडल्या ते मी तुम्हाला सांगायला नको. जिथं ऊस पिवळा पडतो, हरभरा उभाच राहत नाही, तिथं सातू उभं राहू शकतं. म्हणून कुणी म्हणेल, क्षारपड जमिनीला हे औषधच आहे. पण थांबा.

बिअरला लागणारं सातू आणि जनावराला घालायचं सातू यांत फरक आहे. माल्टवाल्याला दाणा टपोरा पाहिजे, शंभरातले पंच्याण्णव तरी एकाच वेळी मोडावेत, आणि प्रथिन साडेनऊ ते साडेअकरा टक्क्यांच्या मधे पाहिजे. प्रथिन जास्त झालं की साखर कमी निघते आणि बिअर गढूळ होते. दाणा भरताना थंडी लांबली तर हे जमतं. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यालाच ऊन तापतं, दाणा सुरकुततो आणि प्रथिनाचं प्रमाण चढतं. त्यातून आपला हात युरियाला सैल, ते आणखी वाढतं. कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेनं माल्टसाठी दोन ओळींच्या कणसाचे डीडब्ल्यूआरबी १०१ सारखे वाण दिले आहेत, पण त्यांची शिफारस उत्तर-पश्चिमेच्या मैदानासाठी आहे, आपल्यासाठी नाही. राजस्थान-हरियाणात कंपन्या शेतकऱ्यांशी करार करून हे सातू घेतात आणि माल्टचे कारखानेही बहुतेक त्याच पट्ट्यात आहेत. आपलं धान्य तिकडे पाठवायचं, माल्ट करून इकडे आणायचं, यात वाहतूकच खाऊन टाकील. हॉप्सचं तर नावच नको. ती वेल थंड मुलखाची, आपल्या देशात लाहौलसारख्या भागात थोडीफार होते, बाकी सगळी परदेशातून येते.

तेव्हा "बार्ली लावू का?" याला आज माझं उत्तर आहे: बिअरच्या आशेनं नको. क्षारपड तुकड्यावर चाऱ्यासाठी दहा गुंठे लावून बघायचं असेल तर जरूर बघा. माळेगाव खुर्दला केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून आहे. क्षार, ताण, उष्णता हाच तिचा अभ्यासाचा विषय आहे. पदरचं बी टाकण्यापूर्वी तिथं किंवा शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी दाखवून विचारून या.

ज्वारीचं काय, असंही लोक विचारतात. मालदांडीचा आपला अभिमान रास्त आहे. जगात ज्वारीची बिअर होते. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्ली आणि तिच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या बिअर कारखान्यांना ज्वारी-मक्यावर यावं लागलं आणि ते आले. पण ते सरकारनं दार बंद केल्यावर. ज्वारीच्या पिठाची साखर व्हायला जास्त उष्णता लागते, बाहेरून एन्झाइम घालावे लागतात, आणि दाण्याला साल नसल्यानं रस नीट गळत नाही. इथला भट्टीवाला हौसेनं एखादा हंगाम ज्वारी-बाजरीची बिअर करील, २०२३ च्या भरडधान्य वर्षात असे हौशी प्रयोग लोकांना सुचलेही. हौसेच्या गिऱ्हाइकावर पेरा ठरवायचा नसतो. आपल्या राज्यात २००७ साली धान्यापासून मद्यार्क करण्याचं धोरण आलं, तेव्हा काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असं सांगितलं गेलं होतं. पुढे अनुदानावरून केवढा गदारोळ झाला! कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावानं निघालेली गाडी कारखानदाराच्या दारात थांबली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला.

वाईनचा अनुभव काय सांगतो

आपल्याला जवळचा धडा वाईनचा आहे. बारामतीशेजारी पिंपळीला द्राक्षाचा कारखाना फार पूर्वी निघाला. पाटसहून बारामतीला येताना रोटी घाटाजवळ माळावर जो वाड्यासारखा कारखाना दिसतो, तो विजय मल्ल्या यांच्या समूहानं काढलेला 'फोर सीझन्स'. पुढे तो ग्रोव्हर झंपा या वाईन कंपनीकडे गेला. नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला मोहिते-पाटील घराण्यातली मंडळी, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून 'फ्रातेल्ली' उभी केली, पहिली वाईन २०१० च्या सुमारास आली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. या कंपनीनं मुख्यतः स्वतःच्याच जमिनीवर, स्वतःच्याच देखरेखीखाली बागा लावल्या. त्यामागचं कारणही वर आलंच आहे: प्रत हातात ठेवायची असेल तर बाग हातात पाहिजे.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं नारायणगाव. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तिथं 'इंडेज' उभी केली. फसफसणारी वाईन परदेशी पाठवली, देशात नाव झालं. मग कंपनी कर्ज काढून वाढत गेली, परदेशातले धंदे विकत घेतले. २००८ ला जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि एवढा मोठा डोलारा बसला. बागायतदारांची देणी थकली. त्या दोन-तीन वर्षांत पुणे, नाशिक, सांगली भागात वाईनच्या बागांवर कुऱ्हाड चालली. का? तर वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते ना बाजारात खाण्यासाठी खपतं, ना त्याचा धड बेदाणा होतो. गिऱ्हाईक एकच, आणि तेच बुडालं.

बिअरच्या धंद्यातही वाढीचे असे झटके बसतात. २०१५ मध्ये दिल्लीकडे 'बिरा ९१' नावाची बिअर निघाली आणि काही वर्षांत देशभर पोचली. कंपनीचं नाव बी नाईन बेव्हरेजेस प्रायव्हेट लिमिटेड. समभाग बाजारात जायच्या तयारीत तिनं नावातला 'प्रायव्हेट' शब्द काढला. मद्याच्या धंद्यात प्रत्येक राज्यात लेबल नोंदवावं लागतं. नाव बदललं म्हणून सगळीकडे पुन्हा नोंदणी आली, काही महिने विक्री खोळंबली, कोट्यवधींचा तयार माल वाया गेला. २०२३-२४ मध्ये कंपनीचा तोटा सातशे कोटींच्या वर गेला. एका शब्दापायी! आपण सात-बारावरचं नाव दुरुस्त करायला हेलपाटे घालतो तेव्हा वाटतं, हे दुखणं फक्त आपलंच.

सरकारी धोरणाचंही तसंच. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मुभा दिली. 'शेतकऱ्याच्या फळाला भाव' हेच कारण पुढे केलं होतं. विरोध झाला, हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय अमलात आलाच नाही. त्या चार-सहा आठवड्यांत बागा लावायचे बेत करणारे लोक मी पाहिले आहेत. सफेद मुसळी, जट्रोफा, ईमू, कडकनाथ: आपल्या भागानं प्रत्येक वेळी रांग लावली आहे. या मानानं धान्याचं एक बरं असतं. सातू असो की ज्वारी, गिऱ्हाईक पळालं तर गोठ्यात तरी घालता येतं.

मग खरा उपयोग कशाचा?

गोठ्याचं नाव निघालंच आहे तर चोथ्याकडे वळू. माझ्या मते या धंद्यातून आपल्या भागाला आज हाताशी येईल असं काही असेल तर ते हेच, आणि नेमकं याविषयीच गैरसमज फार.

पहिला गैरसमज, की चोथ्यात दारू असते आणि तो खाल्ला की गाय झिंगते. तसं नाही. वर सांगितल्याप्रमाणे चोथा यीस्ट घालण्याच्या आधीच निघतो. त्यात दारूचा थेंब नसतो. असतं ते साल, तंतू आणि प्रथिन. टाकीच्या तळाला बसणारा यीस्टचा गाळ मात्र वेगळा. त्यात जिवंत यीस्ट आणि थोडा मद्यार्क असतो. तो कच्चा घातला तर जनावर फुगतं. कुणी "दोन्ही घेऊन जा" म्हणालं तर गाळ घेऊ नका.

दुसरा गैरसमज, की चोथा फुकट म्हणजे फायदाच. शंभर किलो ओल्या चोथ्यात पंचाहत्तर-ऐंशी किलो पाणी असतं. उरलेल्या वीस-पंचवीस किलोत पाचएक किलो प्रथिन. सरकी पेंडीच्या शंभर किलोत वीस किलोच्या वर. म्हणजे चार किलो चोथा एक किलो पेंडीच्या तोडीचा. म्हणून चोथा गोठ्यात येऊन पडेपर्यंत किलोला जो खर्च येतो, तो पेंडीच्या भावाच्या पाव भागापेक्षा कमी पाहिजे, तरच घ्या. भाडं, हमाली, वाया जाणारा माल सगळं धरून. लोणी काळभोर-हडपसरच्या गवळ्याला हे सहज परवडेल. बारामती पुण्यापासून शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. आपण एवढ्या लांबून पाणीच वाहून आणणार. रिकाम्या परतणाऱ्या गाडीत जमलं तर जमलं. पुण्याला दूध किंवा भाजीपाला पोचवून मोकळे परत येणारे टेम्पो आपल्याकडे आहेत, तिथं चार जणांनी मिळून विचार करावा.

वर धरलेल्या भट्टीतून आठवड्याला ८०० किलोच्या आसपास चोथा निघतो. दुभत्या गाईला दिवसाला आठ-दहा किलो पुरे. म्हणजे एका भट्टीवर बारा-चौदा गाईंचा एक गोठा चालेल. त्यापेक्षा जास्त लोक एका भट्टीच्या मागे लागले तर भाव वाढवून बसतील, बाकी काही नाही.

आणि चोथा नासतो फार लवकर. उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, बुरशी धरते. बुरशीचा चारा खाल्लेल्या गाईच्या दुधात अफ्लाटॉक्सिन उतरतं. दुधात त्याची कायद्यानं मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दूध नाकारलं गेलं तर चोथ्यात वाचवलेले पैसे एका आठवड्यात निघून जातील. म्हणून आल्या दिवशीच काय घालायचं ते घाला, उरलेल्यात कडब्याची कुट्टी मिसळून मुरघासाच्या पिशवीत हवा काढून दाबून भरा. चोथ्यात कॅल्शियम कमी असतं, तेव्हा क्षार मिश्रण बंद करू नका. नवीन गाईला सुरुवात दोन किलोपासून करावी.

फळांचं थोडक्यात. डाळिंब, पेरू, आंबा घालून हंगामी बिअर होते हे खरं. पण एक हजार लिटरच्या एका घाण्याला लागतो शे-दीडशे किलो गर, तोही वर्षातून एक-दोनदा. एका चांगल्या डाळिंब बागेतल्या तडकलेल्या मालात ही गरज भागते. शिवाय भट्टीवाला क्रेट घेत नाही. त्याला बी काढलेला, निर्जंतुक केलेला, गोठवलेला गर पाहिजे. एखाद्या शेतकरी गटानं गर काढायचा उद्योग करायचाच ठरवला, तर तो आइस्क्रीम, सरबत, बेकरीवाले यांच्या जिवावर करावा आणि बिअरवाल्याला वरकड गिऱ्हाईक समजावं. प्रक्रिया उद्योगासाठी २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं. अर्ज करण्याआधी सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. मधाचंही तसंच आहे: मीडवाले मध घेतात, पण पेटी ठेवण्याचं खरं उत्पन्न म्हणजे सूर्यफूल, कांदा बियाणं यांच्या परागीभवनातून होणारी वाढ.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी दोन शब्द. उद्या कुणी पालखी मार्गाच्या नव्या रस्त्यालगत जागा घेऊन "आम्ही फक्त छोटी भट्टी टाकतो, गावाला रोजगार देतो" म्हणत आला, तर रोजगाराचा आकडा कागदावर मागा; असल्या भट्टीत प्रत्यक्ष बिअर करायला चार-सहा माणसं पुरतात, बाकीचे वाढपी. सांडपाणी कुठं जाणार ते विचारा. या पाण्यात साखर, यीस्ट असतं, ते ओढ्यात सोडलं की पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारतं आणि वास सुटतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बघितल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना वेगळा. आणि हौसेनं घरी पिंपात बिअर लावणाऱ्या पोरांनाही सांगा, दारूबंदी कायदा १९४९ चा असला तरी आजही लागू आहे; परवान्याशिवाय थोडी जरी केली तरी गुन्हा होतो. महिलांचं म्हणणं ग्रामसभेत आधी ऐका, मग ठराव लिहा. आडव्या बाटलीचं मतदान ज्या गावांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही.

एवढं वाचूनही ज्यांना दहा गुंठ्यांवर सातू बघायचंच आहे त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावं, एकरी ४० किलोच्या हिशेबानं दहा किलो बी. युरिया गव्हाच्या निम्म्यावर ठेवा, फुलोऱ्यानंतर तर देऊच नका. मळणी झाल्यावर आणि दाणे महिना-दीड महिना चांगले मुरल्यावर सरसकट ढिगातून शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि चौथ्या दिवशी उघडा. पंच्याण्णवांच्या खाली मोडले असतील तर भट्टीवाल्याला फोन करू नका, गोठ्यात घाला. वर मोडले असतील तर एक किलोचा नमुना वेगळा पिशवीत भरून, त्यावर गट नंबर, पेरणीची तारीख आणि दिलेलं पाणी लिहून ठेवा. भाव बोलण्याआधी तो माणूस हेच विचारील.